देव पाण्यात ठेवणार नाही

आखातातल्या जुफैरमध्ये, इमारतीच्या अकराव्या मजल्यावर मेधा फोनवर भडकली होती. अर्धांगवायूच्या झटक्याने नवऱ्याचा, राजनचा, उजवा हात लुळा पडला त्याला तीन महिने झाले होते, आणि पुण्याहून मोठी नणंद बजावत होती, "देव पाण्यात ठेव. तो बरा होईपर्यंत बाहेर काढू नकोस."

मेधाच्या हातात देव्हाऱ्यातला पितळी गणपती होता. नुकतीच आंघोळ घालून ती त्याला पुसत होती.

"जमणार नाही, ताई!" ती कडाडली. "ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या पर्समध्ये हाच होता. आयसीयूबाहेरच्या बाकावर नऊ दिवस माझ्याशेजारी हाच बसला. तुमच्यात कुणाला व्हिसा मिळेना, कुणाला रजा. आणि जो आला, त्यालाच बुडवून ओलीस धरू?"

"अगं, पण देवाकडे मागायला नको का?"

"रोज मागते. भांडतेसुद्धा. पण आज राजनने उजव्या हाताने वरणभाताचा एक घास तोंडात घातला. अर्धा सांडला, पण घातला! त्याबद्दल याच्यापुढे हात जोडणार, तेवढ्यात तुमचा फोन आला. ठेवा आता!"