दातदुखीच्या गोळ्या

तो गुरुवार अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पोलीस ठाण्यातली सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. मी बीटवरच्या हवालदारांना कामं वाटून देत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडून एक दमदाटीचा आवाज आला.

"साहेब, शाळंतल्या नर्सबाईनं पोरीला एक्सपायरीच्या गोळ्या दिल्यात. पोरगी दौंडला अ‍ॅडमिट हाय. बाईला आत घ्या, न्हाईतर आमी शाळंला कुलूप लावतो."

नाव विचारलं तर फोन कट. पाच मिनिटांत दौंडच्या एका खासगी रुग्णालयातून रीतसर कळवणं आलं. आठवीतली मुलगी, काल संध्याकाळपासून उलट्या, ग्लानी, विषबाधेचा संशय. गाव आमच्या हद्दीतलं, शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. गावाचं, शाळेचं आणि कुणाचंच नाव मी इथे देणार नाही. ही सगळी माणसं आजही तिथे राहतात.

मी महिला हवालदार आणि चालक यांना घेऊन आधी शाळेत गेलो. फाटकाशी साठ-सत्तर माणसं जमली होती. मुलीचा बाप शेवंतीचा शेतकरी, शिकलेला, एरवी शांत माणूस. पण त्या दिवशी त्याचे डोळे लाल झाले होते. "साहेब, सोमवारी घरी आली तवा म्हणाली, डोकं दुखत व्हतं, सिस्टरनं गोळी दिली, बरं वाटंल. काल संध्याकाळपासनं उलट्या. आन् आता डोळं बी उघडंना झालीय."

नर्सबाई मुख्याध्यापकांच्या खोलीत बसल्या होत्या. वय चाळिशीच्या पुढे, नवरा रेल्वेत, रोज दौंडहून स्कूटीवर यायच्या. बाहेर लोक त्यांच्या नावाने ओरडत होते. त्यांना तिथे ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. निघण्याआधी शाळेतलं औषधांचं कपाट पंचांसमक्ष उघडलं. सगळ्या गोळ्यांची मुदत शिल्लक होती. त्यांचं औषध-रजिस्टरही ताब्यात घेतलं. त्यात सोमवारी मुलीच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात नोंद होती: दातदुखी, तापाची-दुखण्याची साधी गोळी, दोन, पालकांना चिठ्ठी दिली.

आता खरं सांगतो. सुरुवातीला मी बाईंशी नीट वागलो नाही. बाहेर जमाव, वरिष्ठांचे फोन, आणि समोर एक बाई जिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लावला की सगळे गप्प होणार होते. मी आवाज चढवूनच विचारलं, "सोमवारनंतर मुलगी परत आली होती?"

"नाही, साहेब."

उत्तर फार लवकर आलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत. पंचवीस वर्षांत मी एवढं शिकलो होतो की आठवून बोलणारा माणूस क्षणभर थांबतो. बाई थांबल्या नाहीत. आणि ओढणीचं टोक त्या बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

तेवढ्यात दौंडच्या डॉक्टरांचा फोन आला. तरुण डॉक्टर, पण शब्द मोजून बोलणारा. "साहेब, मुलीच्या यकृताला सूज आहे. कावीळ असू शकते, शेतातलं फवारणीचं औषध पोटात गेलं असू शकतं, किंवा गोळ्या जास्त झाल्या असू शकतात. प्रत्येकावर इलाज वेगळा आहे. गोळ्यांचं असेल तर त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत सुरू झाला पाहिजे. रक्ताचा रिपोर्ट पुण्याहून यायला उद्या उजाडेल. मला आज दुपारपर्यंत सांगा, तिने काय खाल्लं आणि किती."

मी फोन कानाला लावून बसलो होतो, पण बाईंची नजर माझ्या चेहऱ्यावर होती. मला एकदम लख्खपणे कळलं की मी चुकीचा प्रश्न विचारतोय. दोषी कोण हे ठरवायला माझ्याकडे महिना होता. त्या मुलीकडे दुपारपर्यंतचाच वेळ होता. मी फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, मला जे सांगितलंत ते सिस्टरना सांगा."

डॉक्टरांनी सगळं परत सांगितलं. यकृताचे आकडे सांगितले. ते मला समजले नाहीत, बाईंना समजले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हवालदारबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तसाच राहिला.

"सिस्टर," मी आवाज खाली आणून म्हणालो, "चूक कुणाची ते मी आज विचारत नाही. फक्त किती ते सांगा."

"मंगळवारी दोन. बुधवारी दोन," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "लिहिल्या नाहीत, साहेब. पालकांची परवानगी आल्याशिवाय दुसऱ्यांदा गोळी द्यायची नाही, असा शाळेचा नियम आहे. चिठ्ठीला उत्तर आलं नव्हतं. पण ती गाल धरून दारात उभी राहायची. मला बघवलं नाही. आणि नोंद केली असती तर नोकरी गेली असती."

"म्हणजे एकूण सहा."

बाईंनी डोळे पुसले आणि त्याच क्षणी त्यांच्यातली नर्स जागी झाली. "तीन दिवसांत सहा गोळ्यांनी असं होत नाही, डॉक्टर. तिने आणखी कुठून तरी घेतल्यात."

"मलाही तेच वाटतं," फोनमधून आवाज आला. "शोधा."

"तिच्याबरोबर एक मैत्रीण यायची," बाई म्हणाल्या. "दोघी खो-खोच्या संघात आहेत. तिला माहीत असेल."

मी हवालदारबाईंना गणवेश बदलायला सांगितलं, मीही बदलला. लहान मुलीचा जबाब घ्यायचा तर खाकी दिसता कामा नये. गोंधळामुळे शाळा सोडून दिली होती, म्हणून आम्ही मैत्रिणीच्या घरी गेलो. तिची आई शेजारी बसली. मी ओसरीच्या कडेला, जरा लांब बसलो. पोरगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

"न्हाई, मला काय म्हाईत न्हाई."

हवालदारबाई घाईत नव्हत्या. त्यांनी खो-खोची चौकशी केली, कोण खांबावरून चांगली वळते ते विचारलं. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "तिला बरं करायचं औषध दवाखान्यात हाय. पण तिनं काय खाल्लं ते डॉक्टरला कळलं पायजे. ते फक्त तुला म्हाईत हाय."

पोरीचा हुंदका फुटला. "तिनं शप्पत घातली व्हती. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून."

"का गं?"

"शनवारी तालुक्याची मॅच हाय. दात दुखतोय म्हणलं तर घरचे दवाखान्यात नेतील, दात काढतील आन् सर तिला संघातनं काढतील. म्हणून सिस्टरची चिठ्ठी तिनं फाडून टाकली. सिस्टर दोनच गोळ्या द्यायच्या. मग घरनं आज्जीच्या गुडघ्याच्या गोळ्या आणल्या. आन् मी तिला दुकानातनं सर्दी-अंगदुखीच्या आणून दिल्या. ती म्हणली, येगयेगळ्या हायत, काय व्हत न्हाई."

ती आत गेली आणि दप्तरातून कंपासपेटी घेऊन आली. त्यात रिकामी पाकिटं घडी करून ठेवली होती. एक पांढऱ्या गोळ्यांचं, एक लाल. शाळेत केरात टाकली तर कुणाला दिसतील, म्हणून मैत्रिणीकडे ठेवायला दिली होती. हवालदारबाईंनी दोन्हींचे फोटो मोबाईलवरून डॉक्टरांना पाठवले. मी घड्याळ बघितलं. एक वाजून गेला होता.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"साहेब, तिन्हींत एकच औषध आहे. नावं वेगळी, रंग वेगळे, पण आत तेच. सिस्टरच्या सहा धरून पंचवीस-सव्वीस गोळ्या झाल्या. पस्तीस किलोची मुलगी आहे ती. उतारा लगेच सुरू करतोय."

मी ओसरीवरच बसून राहिलो. मैत्रिणीच्या आईने न विचारता चहा आणून ठेवला. पोरगी अजून रडत होती. "माझ्यामुळं झालं का, सर?" मी म्हणालो, "तुझ्यामुळं तिचं औषध सुरू झालंय, बाळ." ते खरंही होतं.

तिथून परत शाळेच्या फाटकाशी गेलो आणि मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. आजीच्या गोळ्यांचं ऐकून "आमच्याच घरातलं हाय म्हणा की," एवढंच म्हणाला. मग वळून लोकांना म्हणाला, "जावा रं घरी सगळे. मला दौंडला जायचंय."

बाईंना मी ऊन असतानाच घरी पाठवलं. संध्याकाळनंतर बाईला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही, हा नियम आहेच. पण त्या दिवशी मला नियमाची आठवण करून द्यावी लागली नाही. जबाब मात्र पुरा लिहून घेतला. न नोंदवलेल्या चार गोळ्यांसकट. त्यांनी शब्दही न बदलता सही केली.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, थांबा. शनिवारी म्हणाले, आकडे वाढायचे थांबलेत. रविवारी सकाळी मी स्वतः दौंडला गेलो. मुलगी उशीला टेकून बसली होती, तोंड सुकलेलं, गाल अजून सुजलेला. तिने मला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "मॅच झाली का?"

"झाली. तुमची शाळा हरली."

तिने तोंड फिरवलं आणि रागाने म्हणाली, "मी असते तर जिंकलो असतो." खोलीत सगळे हसले. बाप हसता हसता बाहेर गेला. व्हरांड्यात नर्सबाई उभ्या होत्या. आत यायचं धाडस होत नव्हतं. बापाने त्यांच्यापुढे हात जोडले. "बाई, मी लई वंगाळ बोललो." बाई म्हणाल्या, "दादा, मी लिहायला पाहिजे होतं. लिहिलं असतं तर डॉक्टरांना त्या दिवशी सकाळीच कळलं असतं." मग बापानेच बाईंना आत नेलं.

बापाने बाईंवरची तक्रार मागे घेतली. शाळेने बाईंना ताकीद दिली, नोकरी राहिली. पुढे त्या गोळी द्यायच्या आधी प्रत्येक मुलाला विचारायच्या, घरी काय घेतलंस, दुकानातून काय घेतलंस, आणि पालकांना चिठ्ठीऐवजी स्वतः फोन करायच्या. तो दात नंतर दौंडमध्येच काढला, असं बापाने मला रस्त्यात थांबवून सांगितलं.

निवृत्तीनंतर लोक मला मोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. मला मात्र हे प्रकरण सांगावंसं वाटतं, ज्यात गुन्हाच दाखल झाला नाही. त्या सकाळी मी बाईंना अटक केली असती तर कायद्याने मला कुणी बोल लावला नसता. जमाव खूश झाला असता. पण बाई वकील येईपर्यंत गप्प राहिल्या असत्या, ते बघून मैत्रीण आणखी घाबरली असती आणि कंपासपेटी दप्तरातच राहिली असती. घाबरलेला माणूस आधी स्वतःला सांभाळतो, खरं नंतर बोलतो. हे मला आधीही ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग मी नेहमी आरोपीला पेचात पकडायलाच केला होता. माणसाची भीती कमी केली तर तो किती लवकर बोलतो, हे मी सेवेच्या शेवटच्या वर्षांत, एका नर्सबाईच्या आणि एका आठवीतल्या पोरीच्या तोंडून शिकलो. उशिरा शिकलो, पण त्या मुलीसाठी वेळेत शिकलो.