काकूंची परवानगी

आमच्या जुन्नरच्या चर्चमध्ये पंप दुरुस्त करणारे एक काका येतात. पाळकांनी "या आठवड्यात कुणाचे वाढदिवस?" असं विचारलं, की ते उभे राहून सगळ्या मंडळीचे सांगत. काकूंचा तर वयासकट सांगत, आणि आम्ही टाळ्या वाजवत गात असू.

यंदा सभासदांची माहिती कॉम्प्युटरवर घेतली. त्यातलं काय इतरांना सांगायचं, हे प्रत्येकाला विचारणं माझं काम.

"आमच्या दोघांचं सगळ्याला हो टाका, ताई," काका म्हणाले.

"काकूंचं काकूंनाच विचारावं लागेल."

"तिला काय इचारायचं?"

काकू शेजारीच होत्या. "माझा वाढदिवस न्हाई सांगायचा. लई लाज वाटती."

"कवा बोलली न्हाईस!"

"कवा इचारलंत?"

मी 'नाही' नोंदवलं आणि पुढचं नाव घेतलं.

परवाच्या रविवारी पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं. काका बाक घट्ट धरून बसून राहिले. त्या गाण्याशिवाय उपासना मला सुनी वाटली. नंतर दारात ते सगळ्यांना पेढे वाटत होते.

"कशाबद्दल, काका?"

"ते सांगायची परवानगी न्हाई."

काकूंनी हसून हात पुढे केला. "मला अजून एक द्या."