टेपमावशींनी तलाव पार केला

गळ्यात मोजमापाची टेप कायम लोंबत असायची म्हणून सगळं उपनगर त्यांना टेपमावशी म्हणायचं. सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं शिलाई मशीन दिवसभर धडधडत असे. वस्ती चार ठिकाणांहून येऊन वसलेली. सकाळी शहराकडे धावायचं, संध्याकाळी दमून परतायचं. शेजाऱ्याला शेजारी ओळखेलच याची खात्री नाही. मावशींना मात्र घराघरातल्या बायका ओळखत. कुणाची कंबर वाढली, कुणाचं घरात बिनसलं, सगळं त्यांच्या कानावर येई आणि तिथेच राही.

मशीनवर वाकून वाकून त्यांची पाठ धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोहायला जा." पाण्याच्या टाकीमागे नवा तलाव झाला होताच. मावशी तडक व्यवस्थापकाकडे गेल्या.

"बायकांची वेळ कुठली?"

"बायका येतच नाहीत, मावशी."

"वेळच नाही तर येतील कशा?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "पंधरा-वीस जणी आणा, मग बघू."

त्या दिवसापासून गाळ्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकीला विचारणा सुरू झाली. बहुतेकींचं घोडं कपड्यांपाशी अडत होतं. "ते माझ्यावर सोडा," मावशी म्हणाल्या आणि लवचीक कापडाचे, कोपरापर्यंत बाह्यांचे, गुडघ्याखाली उतरणारे पोशाख शिवायला बसल्या. पहिला स्वतःचा. तो घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, तशी नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं.

"तू उतरलीस की तलावातलं पाणी बाहेर येईल."

"मग तुम्ही चालत या, अहो. नाहीतरी पोहता येत नाहीच तुम्हाला."

दुपारची, कुणालाच नको असलेली वेळ बायकांना मिळाली. शिकवायला एक हसरी तरुण मुलगी आली. आठवड्याभरात बायका हातपाय मारू लागल्या. मावशींच्या जाऊबाई तर पाठीवर ऐसपैस तरंगायला लागल्या. सगळ्यांना या नादाला लावणाऱ्या मावशी मात्र कडेची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या. पाय तळावरून सुटला की लगेच परत टेकवायच्या.

अशात व्यवस्थापक आला. आता एका क्लबला हीच वेळ हवी होती. "तुम्ही नुसत्या डुंबताय," तो म्हणाला. "ते लोक खरोखर पोहतात."

"पुढच्या महिन्यात आम्ही सगळ्या तलाव पार करून दाखवतो," मावशी बोलून गेल्या. "मग तर वेळ राहील ना?"

"सगळ्या?"

"सगळ्या."

तो दांडीवरच्या त्यांच्या हातांकडे बघून हसला. "राहील."

घरी येऊन त्या सुनेला म्हणाल्या, "जीभ घसरली गं माझी. माझ्यापायी सगळ्यांची वेळ जायची."

"मग आई, उद्यापासून मशीनवर मी बसते," सून म्हणाली. "तुम्ही तलावावर लवकर जा."

मावशी रोज लवकर जाऊ लागल्या. शिकवणारी मुलगी पोटाखाली हात धरायची, मावशी नाकातोंडात पाणी घेऊन ठसकत, तिच्यावर चिडत, परत आडव्या होत. एका दुपारी त्या बऱ्याच पुढे गेल्या आणि वळून बघतात तर मुलगी मागेच कमरेवर हात ठेवून उभी. घाबरायलाही उशीर झाला होता.

ठरल्या दिवशी कठड्याभोवती निम्मं उपनगर लोटलं. एकेक बाई पलीकडे पोहोचली. शेवटी मावशी निघाल्या. मध्यावर दम तुटला. त्या पाठीवर उलटल्या, आभाळाकडे बघत श्वास घेतला. जाऊबाई पलीकडून ओरडल्या, "सावकाश या, जाऊबाई, भिंत कुठे पळून जात नाही." मावशींना पाण्यातच हसू फुटलं. त्या पुन्हा पालथ्या झाल्या, हात मारत राहिल्या आणि त्यांच्या बोटांना पलीकडच्या भिंतीची फरशी लागली.

त्यानंतरचा गलका रस्त्यापलीकडे ऐकू गेला. नवऱ्याने शिट्टी मारली; इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना शिट्टी येते हे मावशींना ठाऊक नव्हतं.

व्यवस्थापकाने स्वतः खडू घेऊन फळ्यावर बायकांची वेळ लिहिली.

"सकाळचीही लिहा," काठावर टेकून धापा टाकत मावशी म्हणाल्या. "नोकरीवाल्यांना दुपारी कसं जमायचं?"

त्याने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि सकाळचीही लिहिली.

मग ओल्या केसांनी, पिशव्या खांद्याला लावून सगळ्या जणी हमरस्त्याच्या मधोमध मोठमोठ्याने बोलत घरी निघाल्या, आणि सायकलवाले बाजूने वाट काढत राहिले.