साबण न लागलेल्या पिशव्या

वरच्या मजल्यावरच्या दोरीला चिमट्यांनी अडकवलेल्या पांढऱ्या कापडी पिशव्या पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा मला वाटलं, कुणी घरातच डाळी-तांदळाचं दुकान काढतंय की काय! काही तळहाताएवढ्या, काही उशीच्या अभ्र्याएवढ्या, सगळ्यांच्या तोंडाशी नाडी. एक उडून माझ्या गॅलरीत पडली, ती द्यायला मी वर गेले. दारात उन्हानं रापलेली, उंच मुलगी उभी.

"थँक्यू बाई. ही सापाची," ती म्हणाली.

मी पिशवी हातातून सोडलीच.

"रिकामी आहे हो!" ती खळखळून हसली.

दाट जंगलातल्या अभ्यासकेंद्रात ती बेडूक, सरडे, साप यांची पाहणी करायची. ओढ्याकाठी बादल्या पुरून ठेवायच्या, सकाळी त्यांत पडलेले जीव पिशवीत घालून वजन-लांबी घ्यायची आणि जिथले तिथे सोडून द्यायचे. निम्मा आठवडा जंगलात, निम्मा घरी आईजवळ. गल्लीतली मुलं तिला बेडूकताई म्हणत आणि ती ओ देई.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेली ती बाई. मला म्हणायची, "लोकांच्या मुली संध्याकाळी पर्स घेऊन घरी येतात. आमची चिखल घेऊन येते."

एकदा जिन्यात मुलगी भेटली ती गप्पगप्प. केंद्राच्या प्रमुखपदासाठी तिला विचारलं होतं. पण मग कायमचं तिथेच राहावं लागणार होतं. आई जंगलात पाऊल टाकायला तयार नव्हती आणि आईला एकटं टाकून जायला ही तयार नव्हती.

"उद्या नाही म्हणून सांगणार आहे," ती म्हणाली. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

लेकीचा उतरलेला चेहरा आईनंही पाहिला होता. काहीतरी करावं म्हणून तिनं त्याच दुपारी सगळ्या पिशव्या साबणानं खसाखसा धुतल्या, वर सुगंधी पाण्यातून काढल्या. थोड्या वेळानं वरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी धावले.

"आई, बेडूक कातडीतून सगळं शोषून घेतो गं! मी हाताला क्रीमसुद्धा लावत नाही!"

"मग हे मला कोण सांगणार? तुझे बेडूक?"

"आता हा वास उकळूनही जायचा नाही. उद्या सकाळी काय वापरू?"

आई क्षणभर गोरीमोरी झाली. मग पेटीतून कोऱ्या मांजरपाटाचा तागा काढून म्हणाली, "खळ जाईपर्यंत हे उकळ. बाई, तुम्ही इस्त्री तापवा."

संध्याकाळी मशीन सुरू झालं. नमुन्याला घेतलेली जुनी पिशवी आतून बघून आईनं नाक मुरडलं. "केवढे हे सुटे धागे! बोट अडकेल की कुणाचं."

"म्हणून तर उलटी करून वापरते."

"उलटी कशाला? दुहेरी शिवण घालते ना. बोटं केवढी असतात?"

लेकीनं तांदळाचा दाणा दाखवला. आईनं चष्मा पुसला. "आणि हा गप्प बसतो की लाथा मारतो?"

"मारतो की."

"मग माझी शिवण टिकते का, ते मीच येऊन बघणार."

सकाळी केंद्राच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर आई, मागे मी. मला सोबतीला म्हणून ओढलं होतं. ओढ्याशी पोचल्यावर लेकीनं हात पाण्यात ओले केले, बादलीतला हिरवा बेडूक अलगद ओल्या पिशवीत घातला, नाडी आवळली आणि पिशवी आईच्या हाती दिली. पिशवी आतून टुणटुण उडायला लागली.

"अगं बाई, केवढा जोर याला!" आई शिवण निरखत म्हणाली. "टिकली हं पण." वजन झाल्यावर तिनं स्वतः नाडी सोडली. बेडूक उडी मारून पानांत दिसेनासा झाला, तरी ती तिकडेच बघत राहिली.

"हा उद्या परत येतो?"

"हा नाही. दुसरा कुणी."

"दुसऱ्याला बघायला मी रोज या खडखडणाऱ्या जीपमधून येऊ? माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?" आई उठली. "राहायची खोली कुठली ते दाखव. मशीनला उजेड पाहिजे."

 लेकीनं हातातली बादली खाली ठेवून आईला मिठी मारली.

"अगं, चिखल!" आई ओरडली.

बेडूकताई आता त्या केंद्राची प्रमुख आहे आणि आईबरोबर तिथल्याच दोन खोल्यांत राहते.