कुवेत ते मुंबई, चार तास

मी हे लिहावं की नाही, मला अजून कळत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहिणं एवढंच मला ठाऊक. कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

बाबा गेले तेव्हा उन्हाळा होता. नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या दोन खोल्यांत पहाटेच सगळं संपलं. माझा मोठा भाऊ, दादा, कुवेतला बांधकामावर होता. त्याला फोन केला. तो बराच वेळ रडला, मग म्हणाला, "निघतो मी. मी येईपर्यंत बाबांना नेऊ नका."

सकाळी नामपूरहून काका आले. ते कुठेही गेले तरी अहिराणीच बोलतात. बाबांच्या पायाशी बसून त्यांनी मला विचारलं, "तू शिकेल शे ना? सांग, विमानले कितला येळ लागस?"

मी मोबाइलवर शोधलं. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर येतं. पावणेतीन हजार किलोमीटर, चार तास. मध्ये समुद्रावरून गेलेली एक वाकडी निळी रेघ. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"चारच?" काका म्हणाले. "मले नामपूरथून आठे नाशिकले येवाले तीन लागनात. मंग थांबूत. मोठा पोऱ्याच अग्नी देई."

तेवढ्यावर ठरलं. मुंबईहून नाशिकचा रस्ता धरला तरी दिवस मावळायच्या आत दादा पोचणार होता. बर्फाच्या लाद्या आणल्या. अंत्यविधी होईपर्यंत आमच्यात चूल पेटवत नाहीत, त्यामुळे आलेली सगळी माणसं उपाशीच बसली.

दुपारी लाद्यांचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. आई ते गोणपाटानं पुसत राहिली. कोणी तिला उठवायला गेलं की म्हणायची, "येईलच आता तो. चार तासांचं तर आहे." दादाचा फोन लागत नव्हता. विमानात फोन बंद ठेवतात, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी स्वतः विमानतळ बाहेरूनही पाहिलेला नव्हता.

दारातला एक शेजारी दुसऱ्याला हळूच म्हणाला, "इमान हाय का बैलगाडी?" काकांनी ते ऐकलं. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाले, "कोठे शे रे तो?"

मी पुन्हा तेच पान उघडलं. त्यावर अजूनही चार तासच होते.

ऊन पार गेलं तेव्हा दादाचा फोन आला. "मुंबईत उतरलास का?" मी विचारलं.

तो अजून कुवेतमधल्या खोलीवरच होता. मालकाची परवानगी असल्याशिवाय त्याला देश सोडता येत नव्हता. दिवसभर तो ऑफिसच्या दारात उभा होता. फाटकावरच त्याचा फोन काढून घेतला होता. शेवटी त्याला सांगितलं, मालक बाहेरगावी गेलेत, पुढच्या आठवड्यात ये.

"माझी वाट बघू नका," दादा म्हणाला. "अग्नी तू दे."