परीक्षेचा रस्ता

ब्रेकसरांनी उभ्या आयुष्यात स्वतः गाडी फार थोडी चालवली. ते बसायचे शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाखाली असायचा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असतो तो जादा ब्रेक. शिकणारा हूं की चूं करायच्या आत सरांचा पाय ब्रेकवर पडलेला असे, म्हणून हे नाव. त्यांचे विद्यार्थी लायसन्सच्या परीक्षेत सहसा नापास होत नसत, आणि त्यामागे काही जादू नव्हती. परीक्षक कुठल्या रस्त्याने नेतो, कुठे वळायला लावतो, कुठल्या चढावर थांबवतो, हे सरांना तोंडपाठ होतं. तेवढाच रस्ता ते घोटून घ्यायचे. एक दंतवैद्यबाई पास झाल्यावर त्या रस्त्याच्या बाहेर गेल्या आणि भर चौकात गाडी सोडून टॅक्सीने घरी आल्या. त्यावर सर शांतपणे म्हणाले, "चौक परीक्षेला नव्हता."

असा हा माणूस घरातल्या बाथरूममध्ये साबणावरून घसरला आणि नेमका ब्रेकचा पाय मोडून बसला. इतकी वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून साधं खरचटलंही नव्हतं. पाय प्लास्टरमध्ये, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दुसऱ्याच्या हातात, आणि त्याच सुमारास बायकोची चष्म्याच्या दुकानातली नोकरी सुरू होणार होती. मुलं दोन. थोरली साडेतीन वर्षांची, आणि धाकटा दीड वर्षाचा, नुकतेच पाय फुटलेला. त्यांना बघणार कोण?

बायकोच्या मोठ्या बहिणीने, ताईने, लगेच तोडगा काढला. ती दुसऱ्या गावात स्वतःची बालवाडी चालवायची. "माझ्याकडे पाठव दोघांना. चार गोष्टी शिकतील तरी. भावोजी काय शिकवणार, हॉर्न वाजवायला?"

सरांना हे फार लागलं. शिकवण्याच्या बाबतीत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. बायको मध्ये पडली आणि शेवटी असं ठरलं की महिनाभर मुलं बापाजवळ राहतील, मग ताई येऊन बघेल. काही शिकली असतील तर घरीच राहतील. नसतील तर ताईच्या घरी जातील, आणि आईबापांनी सुट्टीच्या दिवशी भेटायला जायचं.

दुसऱ्या एखाद्याने हात टेकले असते. सरांना उलट हुरूप आला. परीक्षा म्हटलं की त्यांच्या अंगात वारं भरायचं. ताई काय विचारणार हे ओळखायला ज्योतिषी नको होता. रंग विचारणार, नाक-डोळे विचारणार, झालंच तर प्राणी. बालवाडीवाली बाई आणखी विचारून विचारून काय विचारणार?

मग रोज सकाळी प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून सर बैठक मारायचे आणि थोरलीला समोर बसवायचे. पहिलं कार्ड लाल, मग पिवळं, मग निळं, मग हिरवं. क्रम कधी बदलायचा नाही, क्रम बदलला की शिकणारा गोंधळतो, हा त्यांचा अनुभव. पोरीला आठवड्याभरात सगळं येऊ लागलं. कार्ड पुरतं वर यायच्या आत ती रंग सांगून मोकळी व्हायची. सर खूश.

उरलेला दिवस मात्र मुलं वाया घालवायची, असं सरांचं प्रामाणिक मत होतं. धाकट्याने खालच्या फळीवरची सगळी पातेली बाहेर काढली होती. प्रत्येक झाकण प्रत्येक पातेल्यावर ठेवून बघायचं, हा त्याचा धंदा. झाकण लहान निघालं की ते आत पडायचं, आणि हा आत डोकावून खदखदा हसायचा. थोरलीने एक दिवस सरांच्या बुटात कपाने पाणी ओतलं, मग दुसऱ्या बुटात ओतलं आणि जाहीर केलं, "बाबा, दोन्ही बूट सारखंच पाणी पितात."

"आणि उद्या बाबाने काय घालायचं, तुझं डोंबल?" सर ओरडले. "चल, ये इकडे. हा कुठला?"

"लाल," थोरली जांभई देत म्हणाली.

धाकट्याने एकदा प्लास्टरच्या फटीत कपड्याचा चिमटा सोडला. थोरलीने आईच्या कंगव्याची दांडी आत घालून पाहिली, मग चमचा, आणि शेवटी विचार करकरून दोरीला फासाची गाठ मारून चिमटा वर ओढून काढला. सरांचा जीव मात्र तेवढा वेळ टांगणीला लागला होता. दुपारी धाकटा त्यांच्या पोटावर झोपायचा, आणि पाठीला रग लागली तरी सर कुशीवर वळायचे नाहीत. पण यातलं काहीच परीक्षेला नव्हतं, तेव्हा ते कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

ठरल्या दिवशी ताई आली. बायको चहा टाकायला आत गेली. सरांनी कार्डांचा गठ्ठा अदबीने पुढे केला. ताईने तो घेतला आणि, हाताला सवयच होती म्हणून, पिसला.

सरांचा प्लास्टरमधला पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. कळ मस्तकात गेली, पण कार्डं काही थांबली नाहीत.

ताईने हिरवं दाखवलं. "लाल," थोरली ठणकावून म्हणाली. निळं आलं. "पिवळा." लाल आलं. "निळा." शेवटचं सांगून झाल्यावर तिने शाबासकीसाठी बापाकडे बघितलं. बाप कसनुसा हसला.

"भावोजी, पोरीला तुम्ही रंग नाही, क्रम शिकवलात," ताई म्हणाली. "मुलं मी घेऊन जाते."

तेवढ्यात कोपऱ्यात धाकट्याने भोकाड पसरलं. झाकण बसत नव्हतं. थोरली उठली, पातेल्याच्या तोंडाला हात लावून बघितलं, ढिगातून दुसरं झाकण काढलं आणि भावाच्या हातात दिलं. "हे नाही रे वेड्या, हे मोठ्याचं. ह्याचं हे. आता तू ठेव." धाकट्याने ठेवलं, बसलं, आणि रडणं जागच्या जागी थांबलं.

ताई बघतच राहिली. "हे कुणी शिकवलं हिला?"

"छे हो, कुणी नाही," सर ओशाळून म्हणाले. "दिवसभर असलंच काहीतरी चाललेलं असतं."

"अहो, काय तल्लख पोर आहे! हिला इथे घरात कुजवायची? हिला तर माझ्याकडेच पाहिजे."

सरांनी प्लास्टरचा पाय पुन्हा स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे नापास झाली तरी तुमच्याकडे, आणि पास झाली तरी तुमच्याकडेच?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग दुसरं काय म्हटलंत?" जन्मात कधी परीक्षकाशी हुज्जत न घातलेला माणूस, पण आज त्याचा आवाज चढला. "मुलं कुठेही जायची नाहीत, ताई."

"का? काय कारण?"

सरांनी मनातल्या मनात सगळे धडे उलटसुलट चाळून बघितले. एकही कामाचा नव्हता. "मला करमणार नाही," ते म्हणाले.

बायको हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य तिने नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"बापाला करमावं म्हणून मुलं असतात होय?" ताई फणकारली. मग हातातली कार्डं तिने खाली ठेवली. "आणि मला करमतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? बालवाडी दुपारी सुटते. हे गेल्यापासून घरात एकच ताट मांडते मी. संध्याकाळी बोलायचं कुणाशी, भिंतींशी?"

बायकोने ट्रे खाली ठेवला, बहिणीच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "आठ दिवस राहा तू इथे," ती आतूनच म्हणाली. "बालवाडी तुझी मदतनीस बघेल."

"बघेल," ताई हळू आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायको दुकानात गेली आणि जेवणं झाल्यावर मुलं झोपली. ताई आणि सर समोरासमोर बसले. बोलायला तसा विषय नव्हता. सरांनी वर्तमानपत्र धरलं होतं, ताईने विणकाम.

"कधी उठतात हो?" ताईने कुजबुजत विचारलं.

"अजून तासभर तरी नाही."

"एवढा वेळ?"

"हो ना," सर म्हणाले.

आत धाकट्याने कूस बदलली. दोघांनीही एकदम माना वर केल्या. पण तो पुन्हा गाढ झोपला, आणि ते दोघं वाट बघत बसून राहिले.