घोषणेचा उत्तरार्ध

रेवसपासून मुरुडपर्यंत एका माणसात मावणारी कामगार संघटना एकच आहे, आणि ती म्हणजे माझ्या बायकोचे मामा. अध्यक्ष तेच, सरचिटणीस तेच, आणि गेल्या पावसाळ्यापासून सभासदही तेवढेच. अलिबागजवळच्या त्यांच्या कारखान्यातले बाकीचे कायम कामगार स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. कुणी पर्यटकांना खोल्या देतं, कुणी नारळ विकतं. त्यांच्या जागी कंत्राटी माणसं आली. त्यांनी युनियनच्या माणसाशी बोलायचं नाही, हे ठेकेदाराने तोंडी ठरवून दिलेलं.

मामांना युनियन फक्त कारखान्यात चालवणं जमत नाही. माझ्या लग्नात ऐन पंगतीच्या वेळी त्यांनी वाढप्यांना आधी जेवायला बसवलं. "सकाळपासून उभी हायत पोरं," एवढंच कारण दिलं. वऱ्हाड थांबलं. नवरदेव म्हणून मीही थांबलो. माझी पाळी आली तेव्हा जिलब्या संपल्या होत्या, एवढी नोंद करतो. घरी पापलेटचा मोठा तुकडा कुणाला, यावरही ते हात वर करून मत मागतात. मामी तव्यावरची नजर न काढता सांगतात, "माझा हात कामात हाय. ठराव फेटाळला."

दर सोमवारी पाळी बदलताना मामा फाटकाबाहेर लाकडी स्टुलावर उभे राहून सभा घेत. कंत्राटी कामगारांची बस पास तपासायला तिथे थांबायची, काचा बंद. मामा म्हणत, "कामगार एकजुटीचा..." आणि गप्प राहत. उरलेलं 'विजय असो' ते स्वतः कधीच म्हणाले नाहीत. "पुकारणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं, जावईबापू," ते मला सांगत. "आपल्याच पानात आपणच आग्रहानं वाढून घेतल्यासारखं दिसतं." उत्तराला लागेल तेवढा वेळ सोडून ते पुढच्या मुद्द्यावर जात. फाटकावरचा रक्षक जांभई देई.

यंदा त्यांची निवृत्ती आली. त्याआधी एखादा तरी सभासद मिळाला नाही तर युनियन त्यांच्याबरोबरच संपणार होती. ते बसच्या काचांशी बोलत राहिले. शेवटच्या सोमवारी मी तिथे होतो. मामांचा घसा पार बसला होता. स्टुलावर चढले, तोंड उघडलं, नुसती हवा आली. रक्षक म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या आता. कोन हाय ऐकायला?" मामांनी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात बसची एक काच सरकली. आत तोंडाला रुमाल बांधलेली एक बाई होती. बाहेर न बघता ती खणखणीत आवाजात म्हणाली, "कामगार एकजुटीचा..."

मामा गोंधळले. आयुष्यभर पुकारत आलेले. उत्तर द्यायची सवयच नव्हती. मग मूठ वर गेली आणि फाटक्या आवाजात, थोडं उशिरा, "विजय असो" आलं. काच बंद झाली. बस आत गेली.

सभासद कुणी झालं नाही. मामा निवृत्त झाले. पुढच्या सोमवारी ते स्टूल उचलून निघाले तेव्हा मामींनी विचारलं, "आता कुठं? नोकरी संपली ना?"

"नोकरी संपली. फाटकाबाहेरचा रस्ता सरकारी हाय."

अजूनही दर सोमवारी जातात. फक्त आता ते स्टुलावर चढत नाहीत. ते रिकामं ठेवतात, आणि समोर, जिथे पूर्वी बाकीचे कामगार उभे राहायचे तिथे, हात मागे बांधून बसची वाट बघत उभे राहतात.